क्रम्लिनचा लोखंडी पूल पडला नव्हता, मग पाडला का?

प्रश्न असा आहे: वेल्समधल्या क्रम्लिन गावचा लोखंडी रेल्वे पूल १०७ वर्षं गाड्या पेलत उभा होता आणि गाडीसकट कधी कोसळला नाही. मग १९६६ मध्ये तो पाडला का? त्याच काळातले दगडी पूल अजून उभे आहेत, मग लोखंडी तेवढे का गेले? नीट निगा राखली असती तर तो वाचला असता का?

‘गंजला म्हणून पाडला’ एवढं सांगून मोकळं होता येतं, पण ते अर्धंच खरं आहे. मी रेल्वेच्या पूल विभागात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी घाटात. गंजलेले गर्डर पुष्कळ पाहिले आणि दुरुस्तही केले. नुसत्या गंजानं पूल सहसा मरत नाही. क्रम्लिनचा पूल मोडीत निघाला त्याचं कारण माझ्या मते वेगळं आहे. तो वाढत्या वजनाच्या गाड्यांसाठी अपुरा पडत गेला होता, हे खरंच होतं. पण गाडीसाठी अपुरा पूल आणि स्वतःच्या पायावर उभा राहायला अपुरा पूल या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. लाइन बंद झाली तेव्हा त्या एकच धरल्या गेल्या. हे पटवायचं तर पूल कसा बांधला होता इथपासून सुरुवात करावी लागेल.

न्यूपोर्टच्या वरच्या अंगाला एबू नदीची दरी आहे. दक्षिण वेल्समधल्या या दऱ्या साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतात, त्यामुळे कोळसा दरीच्या तळातनं समुद्राकडे न्यायला सोपा. पण तोच कोळसा इंग्लंडच्या मध्यभागातल्या कारखान्यांकडे पोचवायचा तर लाइन आडवी न्यावी लागते, एकामागून एक दऱ्या ओलांडत. न्यूपोर्ट, अबरगेव्हनी अँड हेरेफर्ड रेल्वेनं ‘टाफ व्हेल एक्स्टेन्शन’ या नावानं ही आडवी लाइन काढली आणि क्रम्लिनला तिच्या वाटेत दोनशे फूट खोल दरी आली. तळाला नदी, कालवा, आधीचा दुसरा रेल्वेमार्ग आणि माणसांची घरं.

दोनशे फूट उंचीचे दगडी खांब बांधायचे म्हणजे पायथ्याशी एकेका खांबाचा घेर घराएवढा. दगड आणायचा, घडायचा, वर चढवायचा, आणि वर्षानुवर्षं पैसे नुसते जमिनीत घालत बसायचं. शिवाय दरीत वारा मोठा. भरीव खांबाला तो सगळा छातीवर घ्यावा लागतो, जाळीदार लोखंडातून निघून जातो. लाइनचे मुख्य इंजिनिअर चार्ल्स लिडेल यांनी लोखंडाची वाट धरली आणि काम टॉमस केनर्ड या ठेकेदाराला मिळालं. केनर्ड घराण्याचे स्वतःचे लोखंडाचे कारखाने होते. ओतकाम स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कला झालं, घडीव लोखंड जवळच्या ब्लेनाव्हनहून आलं, आणि जोडणीसाठी पुलाशेजारीच कारखाना उभा राहिला. सगळा खर्च सुमारे ६२,००० पौंड. एवढ्या उंचीच्या पुलाला तेव्हाही हा आकडा कमीच होता, आणि याच स्वस्ताईकडे मी पुढे परत येणार आहे.

पुलाचे दोन भाग होते. एबूच्या दरीवर सात गाळे (गाळा म्हणजे दोन आधारांमधला पुलाचा एक भाग), मधे डोंगराची एक सोंड, आणि पलीकडे केंडनच्या छोट्या दरीवर आणखी तीन गाळे. प्रत्येक गाळा १५० फुटांचा. एकूण लांबी सुमारे १,६५० फूट. रूळ दुहेरी. पहिला खांब ८ डिसेंबर १८५३ रोजी लेडी इझाबेला फिट्झमॉरिस यांच्या हस्ते उभा राहिला आणि असे अनेक खांब मिळून जो मनोरा झाला त्याला ‘इझाबेला’ हेच नाव पडलं. १ जून १८५७, व्हिटसन या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीचा सोमवार, त्या दिवशी पूल खुला झाला. बघायला वीसेक हजार माणसं जमली होती असं सांगतात. ब्रिटनमध्ये त्याच्याइतका उंच रेल्वे पूल दुसरा नव्हता, आणि तो पाडेपर्यंत झालाही नाही.

आता लोखंडाकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. सुमारे अडीच हजार टन लोखंड या पुलात होतं, पण ते एका जातीचं नव्हतं. मनोऱ्यांचे खांब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. गर्डर आणि ताण घेणाऱ्या पट्ट्या घडीव लोखंडाच्या. बीड म्हणजे काय ते आपल्या स्वयंपाकघरात कळतं. बिडाच्या तव्यावर वर्षानुवर्षं घावन घाला, काही होत नाही, आणि एकदा हातातून फरशीवर पडला की दोन तुकडे. दाबाला बीड खंबीर आहे, ताणाला आणि दणक्याला नाही. तुटण्याआधी ते वाकतही नाही, म्हणजे सूचना देत नाही. घडीव लोखंड याच्या उलट. त्याचा तुटलेला काप पाहिलात तर उसाच्या चोयट्यासारखे तंतू दिसतात. ते ताणलं जातं, वाकतं, आधी कुरकुर करतं आणि मगच हार मानतं. म्हणून दाबाची जागा बिडाला आणि ताणाची घडीव लोखंडाला, ही त्या पिढीची वाटणी होती आणि ती अतिशय समंजस होती.

प्रत्येक मनोऱ्यात चौदा पोकळ खांब, एकेक १२ इंच व्यासाचा आणि १७ फूट लांब. एका थरावर दुसरा थर रचत सर्वात उंच मनोऱ्यात असे दहा थर. थराथरामध्ये आडव्या तुळया आणि फुलीसारखे घडीव लोखंडाचे ताण. खालून वर पाहणाऱ्याला तो मनोरा कोळ्यानं विणल्यासारखा दिसत असणार. आजचा इंजिनिअर त्याची छायाचित्रं बघताना पहिल्यांदा फुल्याच मोजतो, कारण असा मनोरा खांबांवर उभा असला तरी टिकतो फुल्यांवर. फुली ढिली पडली की दहा मजली खांब म्हणजे एकावर एक ठेवलेले पाइप.

वरचे गर्डर ‘वॉरन’ पद्धतीचे. जेम्स वॉरन यांनी १८४८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. वरची एक पट्टी, खालची एक पट्टी आणि मधे समभुज त्रिकोणांची माळ. कुठेही उभा दांडा नाही. रचना एवढी साधी की कोणत्या दांड्यावर किती जोर येतो ते कागदावर हिशेबानं काढता येतं, आणि त्या काळात हे नवं होतं. आधीचे गर्डर बरेचसे अंदाजानं जाड करत, वॉरनमध्ये लागेल तेवढंच लोखंड घालता येई.

पण या त्रिकोणांमध्ये एक खोच आहे. गाडी गाळ्यावर एका टोकाकडून शिरते तेव्हा मधले तिरके दांडे दाबले जातात, आणि ती पुढे सरकली की तेच दांडे ताणले जातात. म्हणजे प्रत्येक गाडीगणिक मधल्या दांड्यांतला जोर उलटतो. क्रम्लिनला मुळात हे दांडे वरच्या-खालच्या पट्ट्यांना पिननं जोडले होते, बिजागरीसारखे. कागदावर पिन फार सुंदर, कारण हिशेब नेमका त्याच जोडाचा असतो. प्रत्यक्षात पिन आणि भोक यांच्यात केसाएवढी फट असतेच. जोर उलटला की पिन भोकाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर आपटते. दिवसाला पाच-पन्नास गाड्या आणि त्यांची शेकडो चाकं, आणि काही वर्षांत गोल भोक अंडाकृती होतं.

ते कसं असतं ते मी एकदाच हाताला लागेल इतक्या जवळून पाहिलं आहे. घाटातल्या एका जुन्या गर्डरवर, तिथल्या वयस्कर ब्रिज खलाशानं (पुलाच्या दुरुस्तीच्या टोळीतल्या कामगारानं) मला गाडी यायच्या आधी एका जोडावर तळहात ठेवायला सांगितलं. इंजिन गाळ्यावर आलं तसा जोड आधी गप्प होता, मग हाताला एक ठोका लागला, अगदी दारावर कुणी बोटानं वाजवावं तसा. गाडी मध्यावर गेल्यावर दुसरा ठोका, उलट्या दिशेनं. गाडी निघून गेल्यावर खलाशानं पिनेच्या कडेला नख लावून दाखवलं. तिथे तपकिरी पावडर साचली होती, पिठाएवढी बारीक. तो गंज पावसाचा नव्हे, घर्षणाचा. पावसाचा गंज पापुद्र्यानं सुटतो, हा पिठासारखा झरतो. हा फरक मला कुठल्या मॅन्युअलनं शिकवला नव्हता. त्या आठवड्यात आम्ही कॉशन ऑर्डर लावून वेग कमी केला आणि नंतर तो जोड बदलला.

क्रम्लिनला हे दुखणं पुलाच्या वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतच कळलं होतं. १८६६ च्या सुमारास तिथे मोठं काम निघालं. पिनांच्या जागी जोड पत्र्यांनी आणि रिव्हेटनी घट्ट केले गेले आणि रुळांखालच्या लाकडी पाटणाच्या (तक्तपोशीच्या) जागी लोखंडी पाटण आलं. माझ्या दृष्टीनं त्या पुलाच्या आयुष्यातलं हे सर्वात शहाणपणाचं काम. दुखणं अंगावर काढलं नाही, कुठे दुखतंय ते ओळखून तिथेच इलाज केला. पुढची जवळजवळ शंभर वर्षं त्यातून मिळाली.

तोवर मालक बदलले होते. मूळ कंपनी १८६० मध्ये वेस्ट मिडलंड रेल्वेत आणि ती १८६३ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेत विलीन झाली. गाड्याही बदलत गेल्या, म्हणजे वाढत गेल्या. १८५७ मधली इंजिनं आठवा आणि १९२४ पासून त्याच दऱ्यांसाठी ग्रेट वेस्टर्ननं बांधलेली टाकीची इंजिनं बघा, एकेक ६८ टनांचं. अशी दोन इंजिनं शेजारच्या दोन रुळांवर एकाच वेळी एका गाळ्यावर आली तर? बिडाच्या खांबांना वाकून सूचना देण्याची सोय नाही, म्हणून रेल्वेनं १९२८ मध्ये पुलावरची लाइन एकेरी केली, मजबुती केली आणि वेगावर कडक मर्यादा घातली. तेव्हापासून शेवटापर्यंत गाड्या पुलावरून रांगत जात. प्रवाशांना खालची दरी डोळे भरून बघता येत असे, पण ड्रायव्हरच्या आणि आमच्यासारख्यांच्या दृष्टीनं तो निकाल होता: हा पूल आता हातचं राखून चालतो आहे.

इथे नेहमी टे पुलाचं नाव निघतं, म्हणून त्याबद्दल. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल गाडीसकट खाली गेला, सुमारे ७५ माणसं दगावली. तिथेही बिडाचे खांब आणि घडीव लोखंडाच्या फुल्या. त्यामुळे तेव्हापासून लोक बिडाच्या मनोऱ्यांकडे संशयानं बघतात. पण टे पुलात फुल्या अडकवायचे कान खांबाबरोबरच ओतलेले होते, त्यांतली भोकं ओततानाच ठेवलेली आणि निमुळती, त्यामुळे बोल्ट भोकाच्या पूर्ण भिंतीवर न टेकता एका काठावर टेकत. ओतकामातली छिद्रं मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या मिश्रणानं बुजवल्याचं चौकशीत निघालं. रचना वाईट, बांधणी वाईट, देखभाल वाईट, असा चौकशीचा निष्कर्ष होता. दोष बिडात नव्हता, बिडाकडून ताण घ्यायला लावण्यात होता.

याचा पुरावा त्याच माणसाच्या हातचा आहे. टे पूल बांधणाऱ्या टॉमस बाउच यांनीच त्याआधी उत्तर इंग्लंडमध्ये बीला नावाच्या ओढ्यावर १९६ फूट उंचीचा, १,०४० फूट लांबीचा आणि १६ गाळ्यांचा पूल बांधला होता. तिथे खांबांची तोंडं यंत्रावर कातून बसवली होती, जोड नीट होते, फुल्या भरपूर होत्या. तो १८६० पासून उघड्या माळावर, टेच्या वादळासकट शंभर वर्षांचे वारे खात उभा राहिला. तोही वाऱ्यानं गेला नाही. जानेवारी १९६२ मध्ये लाइन बंद झाली आणि १९६३ मध्ये भंगारात गेला. क्रम्लिनच्या तीन वर्षं आधी.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालानंतर ब्रिटनमध्ये रेल्वेमार्गांची मोठी कपात झाली. क्रम्लिनवरून शेवटची प्रवासी गाडी शनिवारी १३ जून १९६४ रोजी गेली. पूल रिकामा झाला. मग एक हॉलिवूडची मंडळी आली, ग्रेगरी पेक आणि सोफिया लॉरेन यांना पुलाखालच्या अरुंद वाटेवरून धावायला लावून त्यांनी आपल्या चित्रपटाचा शेवट तिथे चित्रित केला. १९६६ मध्ये तोडकाम सुरू झालं. १९६७ मध्ये त्याच दरीतली नॅव्हिगेशन कोळसा खाणही बंद झाली, म्हणजे ज्या कोळशासाठी हे सगळं जन्माला आलं होतं तोही थांबला.

दगडी पूल कसे राहिले याचं उत्तर शोधायला त्याच लाइनीवर पश्चिमेला काही मैल गेलं की पुरे. हेंगोइडला रिम्नी नदीवर दगडी कमानींचा पूल आहे. रेल्वे तीच, दशक तेच आणि लाइन बंद पडली तीही त्याच वेळी. तो आज सायकलवाल्यांच्या आणि चालणाऱ्यांच्या वाटेचा भाग आहे. इतकी स्वच्छ तुलना पूल विभागातल्या माणसाला क्वचित मिळते. फरक एवढाच: कमानीच्या पुलाला दुर्लक्ष सोसतं. गाड्या बंद झाल्या की त्यावरचं सर्वात मोठं ओझं उतरतं, उरतं स्वतःचं वजन, आणि कमानीला स्वतःचं वजन उपकारकच असतं, तेच दगडांना आवळून धरतं. सांध्यात झाडं रुजतात, पाणी झिरपतं, पण पंचवीस वर्षांनी कुणी जाऊन साफ केलं तरी चालतं. दुसरं म्हणजे जुन्या पुलाचा दगड कुणी विकत घेत नाही. तो पाडायला पैसे लागतात, म्हणून तो तसाच ठेवतात.

लोखंडी पूल मात्र दर काही वर्षांनी रंग मागतो. रंग म्हणजे नुसता ब्रश नव्हे. आधी खरवडायचं, मग शेंदराचा हात (आपण मारुतीला लावतो तोच शेंदूर, त्या काळी लोखंडाचा पहिला अंगरखा तोच), मग वरचे हात. दोनशे फुटांवर टांगून घेतलेल्या माणसांनी हे करायचं, पुलाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेतो पहिलं टोक पुन्हा मागू लागतं. रिव्हेट एकेक वाजवून बघायचे. एका बाजूला बोट लावायचं आणि दुसरीकडून हातोडीची टिचकी मारायची, ढिला रिव्हेट बोटाला थरथर देतो. पोकळ खांबात पाणी शिरलं आणि थंडीत गोठलं तर खांब उभा चिरतो. चिरलेलं बीड सहजासहजी वेल्ड होत नाही, बाहेरून पट्टे आवळावे लागतात. आणि खाली घरं आहेत, रस्ता आहे. वरून एक सुटलेला रिव्हेट जरी पडला तरी खालच्या माणसाला तो गोळीसारखा. ज्या रेल्वेला त्या पुलावरून एक पैसाही मिळणार नाही तिनं हे सगळं का करावं, हा प्रश्न १९६४ मधल्या अधिकाऱ्यासमोर होता, आणि दुसऱ्या पारड्यात अडीच हजार टन भंगाराचा भाव. मी त्या खुर्चीत बसलो असतो तर कागदावर मीही कदाचित तेच लिहिलं असतं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

तरी तो निर्णय चुकला असं मला आज वाटतं, आणि ते नुसत्या हळहळीनं नाही. हिशेब करून बघा. त्या काळातले इंजिनिअर गाडीचं वजन रुळाच्या एका जोडीमागे दर फुटाला साधारण एक टन धरत. दोन जोड्या म्हणजे फुटाला दोन टन, वर धक्के आणि ब्रेकचा जोर वेगळा. आता त्याच पुलावर तीन मीटर रुंदीची पायवाट कल्पा आणि ती माणसांनी खच्चून भरली आहे असं धरा, आजच्या नियमानं चौरस मीटरला चारशे किलो. ते होतात फुटाला चार दशांश टनांहूनही कमी. म्हणजे मूळ भाराच्या पाचव्या हिश्श्याच्या आत, आणि जोर उलटवणारी, आपटणारी चाकं अजिबात नाहीत. पिनांना, रिव्हेटना जे दुखणं होतं ते गाडी थांबल्याक्षणी थांबलं होतं. उरलेले शत्रू दोनच, वारा आणि गंज. वाऱ्याला तो शंभर वर्षं पुरून उरला होता. गंजासाठी पैसे लागतात, पण दुहेरी रुळांचं लोखंडी पाटण उतरवून पूल हलका केला असता तर तोही खर्च बराच खाली आला असता. सगळे दहा गाळे राखणं जड गेलं असतं हे मला मान्य आहे. पण केंडनकडचे तीन गाळे वेगळे होते, डोंगराच्या सोंडेनं तुटलेले, उंचीला कमी. निदान तेवढे ठेवायला हवे होते. ओतीव मनोरा आणि वॉरन गर्डर यांची पहिल्या पिढीतली जोडी तिथे हात लावून बघता आली असती.

हे शक्य होतं की नाही असं विचाराल तर इंग्लंडमधला, डार्बीशायर आणि नॉटिंगहॅमशायरच्या सीमेवरचा बेनर्लीचा पूल बघा. १८७७ चा, सुमारे ६० फूट उंचीचा पूल, सगळा घडीव लोखंडाचा. १९६८ मध्ये गाड्या बंद झाल्या, पाडायचं ठरत होतं, पण घडीव लोखंड गॅसनं सरळ कापलं जात नाही, लोखंड बनवताना आत राहिलेल्या मळीच्या थरांमुळे काप फुटत जातो. रिव्हेट एकेक काढत उतरवायचा तर भंगाराच्या भावात मजुरीही निघेना. म्हणून तो तसाच उभा राहिला, टोकांना वाट नसलेला. मग स्थानिक लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि जानेवारी २०२२ मध्ये तो चालणाऱ्यांसाठी उघडला. मधली चोपन्न वर्षं त्याची फारशी निगा झाली नव्हती. डार्टमूरच्या कडेचा १८७४ चा मेल्डन पूलही असाच घडीव लोखंडाचा आणि असाच वाचलेला. क्रम्लिनचं दुर्दैव हे की त्याचे बिडाचे खांब उतरवायला सोपे होते. बोल्ट काढा, एक थर खाली घ्या. जी सोय उभारताना वरदान होती तीच पाडताना कामी आली.

आपल्याकडच्या वाचकांना एक जवळचं उदाहरण. कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना एहेगावचा पूल लागतो, खिडकीत बसलेल्या प्रत्येकाचा तिथे श्वास रोखतो. क्रम्लिन उघडल्यानंतर आठच वर्षांत, १ जानेवारी १८६५ ला, थळ घाटाचा हा मार्ग सुरू झाला. जेम्स जॉन बर्कली यांच्या आखणीतल्या या पुलावर मूळचे मोठे गाळे होते तीन, प्रत्येकी दीडशे फुटांचे, आणि गर्डर त्रिकोणी जाळीचेच. म्हणजे वरचा भाग क्रम्लिनचा सख्खा भाऊ. पण खालचे खांब मात्र दगडी. ही निवड मला फार मोलाची वाटते. गाड्या जड झाल्या की दगडी खांबावरचा गर्डर उतरवून नवा चढवता येतो, खांब तसाच राहतो. क्रम्लिनला गर्डर बदलून भागलं नसतं, बिडाचे मनोरेच नव्या ओझ्याला पुरत नव्हते. बांधताना वाचवलेले पौंड सत्तर वर्षांनी असे वसूल झाले.

अर्थात दगड म्हणजे अभय नव्हे, हेही सांगायला हवं. भोर घाटातला माऊ की मल्लीचा दगडी पूल उघडून पुरती पाच वर्षंही झाली नव्हती, तर जुलै १८६७ च्या पावसात कोसळला. चुना आणि कारागिरी कच्ची असली तर दगडही जातो. त्या घटनेवर वेगळं लिहायला हवं.

मुलीकडे ब्रिस्टलला गेलो होतो तेव्हा एक दिवस क्रम्लिनला जाऊन आलो. गावात शिरताना काही कळत नाही, मग रस्त्याच्या वर झाडीत दगडी बांधणी दिसते. पुलाची दोन्ही टोकं डोंगरात धरून ठेवणारी ही बांधणी कुणी पाडली नाही. तिच्याखाली उभं राहून मी पलीकडच्या डोंगरावर नजरेनं दुसरं टोक शोधलं. मधे नुसती हवा, आणि खाली घरांची धुराडी इतकी लहान की दोनशे फूट म्हणजे काय ते तिथेच कळलं. जाणार असाल तर आधी इथे या, मग त्याच दिवशी हेंगोइडला जा. तिथे पुलाच्या टोकाला खाणीतल्या कोळशाच्या डब्यांचं एक मोठं वर्तुळ उभं केलं आहे, त्याच्याजवळून कमानींवरच्या वाटेवर चढता येतं. मी गेलो तेव्हा एक आजोबा नातवाला तिथे सायकल शिकवत होते, कठड्याच्या दगडांना हिरवं शेवाळ होतं आणि पूर्वेकडे क्रम्लिनच्या दिशेनं जाणारी लाइनीची जुनी रेघ झाडांतून अजून ओळखू येत होती.